पदरची जांभई

“पाळकसाहेब, प्रार्थना करताना तुम्हाला कंटाळा येतो का?”

विचारला मी, पण प्रश्न माझा नव्हता. पैज लवंगेची होती. लवंग म्हणजे माझी शाळेतली आणि चर्चमधलीही मैत्रीण. अंगाने काडी, जिभेने तिखट. तिच्या जोडीला बटण. तिचे डोळे खरंच शर्टाच्या बटणासारखे गोल आहेत आणि काहीही ऐकलं की आणखी गोल होतात. दोघींचं म्हणणं असं पडलं, की मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले खरी, पण ते पाठ केलेलं भाषण होतं. खरी हिंमत असेल तर दृढीकरणाच्या वर्गात, सगळ्यांसमोर, हा एवढा एकच प्रश्न विचारून दाखव. नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं तू वाहायची.

जानेवारीपर्यंत मला असलं आव्हान कोणी दिलंच नसतं. तोवर मी हजेरीला “हजर” म्हटलं तरी बाईंना मान वर करून शोधावं लागायचं. मग ती स्पर्धा झाली, सभागृहात तीनशे माणसं माझ्या एका वाक्यावर हसली, आणि मला कळलं की माझ्या घशात एक आवाज आहे. तेव्हापासून तो आवाज मी घरात, जिन्यात, बसथांब्यावर, जमेल तिथे वापरून बघत होते. आई म्हणायची, नवीन सायकल मिळाल्यासारखी करतेस.

तर तो शनिवार होता, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशीचा. आठच दिवसांनी ईस्टरला आम्ही आठ मुलं मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करणार होतो. त्यालाच दृढीकरण म्हणतात. त्याचा वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरतो. तिथे एका भिंतीला मोडक्या बाकांची थप्पी आहे आणि दुसऱ्या भिंतीला फळा. पाळकसाहेब फळा पुसत होते. प्रश्न ऐकून ते वळले. मला वाटलं, एक तर रागावतील, नाहीतर “छान प्रश्न आहे हं” म्हणून गुंडाळून टाकतील. त्यांनी उजव्या कानाची पाळी ओढली, जी ते विचार करताना नेहमीच ओढतात, आणि म्हणाले, “येतो. जवळजवळ रोज.”

वर्गात हशा फुटला. बटणचे डोळे बाहेर पडायचेच बाकी होते. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले, मग डस्टर खिडकीच्या कडेवर आपटत म्हणाले, “पण उठून जात नाही. आजारी माणसाजवळ बसलीयस कधी? बोलायचं ते सगळं बोलून होतं, घड्याळ पुढे सरकत नाही, तरी आपण खुर्ची सोडत नाही. माझी प्रार्थना बरीचशी तशीच असते. बोलणं थोडं, बसणं फार.”

यावर कोणी हसलं नाही. लवंग आपले बूट बघायला लागली. मी मात्र हवेत होते, कारण दप्तरं वाहणं वाचलं होतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती लवंगेच्या दोन आतेबहिणींना, चर्चच्या फाटकात. अगदी पूर्ण सांगितली, खुर्चीसकट. “येतो, रोज” इथपर्यंत त्या खिदळल्या, आणि खुर्चीपाशी आल्यावर एकीने घड्याळ बघितलं. आता, वक्तृत्वाच्या सरांनी मला एक नियम घोटून घोटून शिकवला होता: हशा पडला की थांबायचं, त्याच्यावर आणखी वाक्य ठेवायचं नाही. म्हणून दुसऱ्यांदा सांगताना मी “रोज” वर थांबले. जमलं. तिसऱ्यांदा कानाची पाळी ओढून दाखवली. जास्त जमलं. चौथ्यांदा म्हणजे रविवारी भक्ती संपल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर. भोवती दहा-बारा मोठी माणसं, हातात झावळ्या, सगळे माझ्याकडे बघताहेत. माझ्यात काय संचारलं कोण जाणे, “येतो” आणि “रोज” यांच्या मध्ये मी एक जांभई टाकली. लांबलचक, तोंडावर पालथा हात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ती जांभई पाळकसाहेबांनी दिली नव्हती. ती माझ्या पदरची होती. पण हशा असा पिकला की चर्चचे खजिनदारकाका पायरीवर खालीच बसले. दुपारी जेवताना, अंघोळीच्या वेळी आरशासमोर, झोपताना उशीवर, मी तो हशा पुन्हा पुन्हा ऐकत होते.

सोमवारी संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा आई स्वयंपाकघरालगतच्या खोलीत कामाला बसली होती. माझी आई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याचे ठसे पाठवतात, ती त्यात प्लॅस्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, मग घासून, चमकवून परत पाठवते. आमच्या टेबलावर नेहमी कोणाचं तरी तोंड उघडं पडलेलं असतं. पाहुणे दचकतात, मी त्या कवळ्यांशेजारी गणितं सोडवत मोठी झाले.

बाबा अजून आले नव्हते. ते लिफ्टदुरुस्ती करतात, आणि लिफ्टमध्ये माणसं अडकली की त्यांच्या घड्याळाला अर्थ उरत नाही. ते आले तेच मुळी हातपाय न धुता माझ्यासमोर उभे राहिले. चर्चच्या कमिटीचे ते चिटणीस आहेत. दुपारी त्यांना हेडसरांचा फोन आला होता. हेडसर म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही असं आई म्हणते.

हेडसरांच्या मनात पाळकसाहेबांविषयी आधीच एक खडा होता. यंदा दुःखसहनाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यासाठी पाळकसाहेबांनी एक नवीन काढलं होतं: रविवारपासून रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा चर्चमध्ये नुसतं बसायचं. गाणं नाही, उपदेश नाही, कोणी मोठ्याने प्रार्थना करायची नाही. हेडसरांना ते आवडलेलं नव्हतं. त्यांच्या मते रिकामा अर्धा तास म्हणजे वर्गात शिक्षक नसणं. आणि आता त्यांना पायऱ्यांवरून कळलं होतं की पाळकांना स्वतःलाच प्रार्थनेचा कंटाळा येतो, ते मुलांसमोर जांभया देत तसं सांगतात, आणि म्हणूनच त्यांनी हा झोप काढायचा अर्धा तास शोधून काढलाय.

बाबांनी मला विचारलं, ते असं खरंच म्हणाले का. मी म्हटलं, म्हणाले. त्यात खोटं काय होतं? म्हणालेच होते.

“आणि जांभई?” बाबांनी विचारलं.

इथे मला थांबता आलं असतं. एका श्वासाचं काम होतं. पण बाबांच्या कपाळावर ग्रीसचा डाग होता, आई हातातला दात हवेत धरून माझ्याकडे बघत होती, आणि पायऱ्यांवरचं माझं सगळं यश त्या एका जांभईवर उभं होतं.

“दिली असेल,” मी म्हटलं.

बाबांनी पुन्हा विचारलं, असेल म्हणजे काय, दिली की नाही? मी म्हटलं, दिली. आई म्हणाली, “मला तर बाई तो अर्धा तास आवडला. दिवसभर लोकांची तोंडं बघते मी, तिथे कोणाचं बघावं लागत नाही.” तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाबा हात धुवायला गेले.

तेव्हापासून माझं मन कुठेच ठरेना. गणिताच्या तासाला पेनाचं टोपण चावून सपाट केलं. लवंगेने पायऱ्यांवरचा किस्सा शाळेत करून दाखवायला सांगितला तेव्हा घसा दुखतोय म्हटलं, आणि लगेच खरंच दुखायला लागला. मंगळवारी सहा वाजता मी कधी नव्हे ते आईबरोबर चर्चमध्ये गेले. मनाशी म्हटलं, बघू तरी हे लोक काय करतात.

काही करत नव्हते. अकरा माणसं होती, मोजली मी. पाळकसाहेब सगळ्यात पुढच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून. कोटाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, खडूचे पांढरे पट्टे उमटलेले. फळ्याला टेकले असणार. ते हलत नव्हते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, की आता पेंगतील, आता डुलकी लागेल, म्हणजे माझी सुटका. माणूस खरंच पेंगला तर माझी जांभई फार तर तीन दिवस आधी झाली असं म्हणता येईल. नाही पेंगले. साडेसहाला उठले, गुडघा चोळला आणि दिवे बंद करायला गेले.

त्या अर्ध्या तासात मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. डोळे मिटले आणि मनातल्या मनात “हे परमेश्वर पित्या” म्हटलं, तर ते वाक्य स्पर्धेतल्यासारखं उमटलं. जिथे थांबायचं तिथे थांबलं, जिथे आवाज चढवायचा तिथे चढला. समोर देव बसलाय की परीक्षक, मला कळेना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर माझा उजवा हात आपोआप उचलला गेला. शेजारच्या मावशींना वाटलं, मला काही पाहिजे.

त्यात भर म्हणजे शुक्रवारचं काम. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन अशी उपासना असते. क्रुसावरून ख्रिस्ताने काढलेल्या सात उद्गारांवर सात माणसं चार-चार मिनिटं बोलतात, आणि मध्ये पाळकसाहेब वाचन आणि प्रार्थना चालवतात. दृढीकरणाच्या मुलांपैकी एकाला त्यात दरवर्षी जागा मिळते. यंदा मला मिळाली होती, पाचवा उद्गार, तहानेचा. मी एवढं फर्मास भाषण लिहिलं होतं की काय सांगू. त्यात वाळवंट होतं, भेगाळलेली जमीन होती, अगदी शेवटी कुजबुजीत एक वाक्य होतं, ज्यावर निदान दोघीतिघींनी डोळे पुसायला हवे होते. आता मी ते म्हणायला घेतलं की दुसऱ्याच वाक्याला तोंड कोरडं पडायचं. विषय तहानेचा आणि बाईला पाणी पाणी. दुसरी कोणी असती तर मी किती हसले असते.

बुधवारी संध्याकाळी कमिटी बसली ती आमच्याच घरी, पुढच्या खोलीत. हेडसर, खजिनदारकाका, ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी आणि बाबा. आईने टेबलावरच्या कवळ्या कपड्याखाली झाकल्या, कारण त्यातली एक ऑर्गनवाल्या मावशींची होती आणि ते गुपित होतं. चहाचा ट्रे घेऊन मी आत गेले तेव्हा हेडसरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांना म्हणाले की पोरगी धीट निघाली, हिने विचारलं म्हणून आपल्याला कळलं तरी. मेजाखाली बीळ असतं तर मी त्यात शिरले असते, ट्रेसकट.

मग पाळकसाहेब आले. त्यांना बसायला खुर्ची दिली ती खिडकीजवळची, जिचा एक पाय डुगडुगतो. हेडसरांनी त्यांना विचारलं, प्रार्थनेचा कंटाळा येतो असं तुम्ही वर्गात म्हणालात का. ते म्हणाले, हो. मुलांसमोर? हो, त्यांनीच विचारलं होतं. खजिनदारकाकांना हसू आवरत नव्हतं, ते कपाच्या आड लपत होते.

आता पुढचं सांगतील, मी मनात म्हटलं. आता खुर्चीचं सांगतील, मग सगळे गप्प होतील, मग मला काहीच करावं लागणार नाही. मी ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. त्यांनी पुढचं सांगितलं नाही.

“आणि तसं म्हणताना तुम्ही जांभई दिलीत,” हेडसर म्हणाले.

पाळकसाहेबांनी मान वर केली. खोलीत चार मोठी माणसं होती, पण त्यांनी बघितलं दाराकडे. फार वेळ नाही. एखाद्याने भिंतीवरचं घड्याळ बघावं तेवढाच वेळ. त्यांचा हात कानाकडे गेला आणि खाली आला.

“आठवत नाही,” ते म्हणाले. “दिली असेन.”

ते गेल्यावर पंधरा मिनिटांत सगळं ठरलं. शुक्रवारच्या तीन तासांसाठी दुसऱ्या मंडळीचे पाहुणे उपदेशक बोलवायचे. शांत बसायचा अर्धा तास उद्यापासून बंद, त्याऐवजी गाणी. आणि पाळकांची बदली करावी असं वरिष्ठांना पत्र लिहायचं; मसुदा बाबांनी करायचा, शनिवारी सगळ्यांनी सह्या करायच्या. ऑर्गनवाल्या मावशी तेवढ्या म्हणाल्या की माणूस बरा आहे हो, पण त्या हळू म्हणाल्या. बाबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. लिहिताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

गुरुवारी शाळा अर्धीच होती. मी गणवेशातच चर्चकडे निघाले. वाटेत तीनदा परत फिरले. एकदा तर चपलांच्या दुकानात शिरून उगाच नंबर विचारून आले. पोचले तेव्हा मोठं दार उघडं होतं. आत पाळकसाहेब एकटेच, संध्याकाळच्या प्रभुभोजनासाठी मेजावर घालायची पांढरी चादर घेऊन उभे. इतकी लांब चादर एका माणसाला उलगडता येत नाही; ते एक टोक हनुवटीखाली धरून दुसरं टोक शोधत होते.

मी जाऊन दुसरं टोक धरलं. आम्ही ती ताणली, झटकली. बोलायला ही बरी जागा होती, कारण मध्ये बारा फूट कापड होतं.

“तुम्ही काल पुढचं का नाही सांगितलंत?” मी विचारलं. “खुर्चीचं.”

“त्यांनी विचारलं, कंटाळा येतो का. येतो,” ते म्हणाले. “पुढचं सांगायचं तर तुझं सांगणं अर्धं होतं हे आधी सांगावं लागलं असतं, तुझ्याच घरी, तुझ्या बाबांसमोर. तू ट्रे घेऊन उभी होतीस. मला नाही जमलं.”

“आणि जांभई?”

“ती फार छान होती म्हणतात. लवंगेने करून दाखवली मला.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी नाक चुरचुरलं. ते हसले नाहीत. चादर मेजावर घालताना त्यांचा कोपरा दोनदा चुकला. मग त्यांनी आपणहून सांगितलं की वीस वर्षं ते उत्तम शुक्रवारी पुढे उभे राहत आलेत, उद्या मागच्या बाकावर बसतील. तिथून कसं दिसतं तेही एकदा बघायला हवं. हे ते गमतीने म्हणायला गेले, पण म्हणता म्हणता त्यांनी चादरीवरची नसलेली चुणी सारखी केली. मोठ्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते, आणि तो मी पाडला होता.

मी विचारलं, मग मी आता काय करू?

“ते मी नाही सांगणार. मी सांगितलं तर तू ते माझ्यासाठी करशील,” ते म्हणाले. मग पेले पुसायला आत गेले आणि जाताना दार पुरतं लावलं नाही.

मी घरी जायला निघाले आणि तिसऱ्या बाकापाशी बसले. का, ते मलाच माहीत नाही. सहाचा अर्धा तास बंद झाला होता, म्हटलं आपण दुपारी बसू. घड्याळ लावलं, अडीच ते तीन.

खरं सांगते, भयंकर होतं. पहिल्या पाच मिनिटांत मी छताचे वासे मोजले, पंख्याची पाती मोजली, पुढच्या बाकावर कोणीतरी नखाने कोरलेलं अर्धं नाव वाचलं. पायाला मुंग्या आल्या. हातांना काय करावं कळेना. मनात एक सभा भरलेलीच होती: त्यात मी रडत रडत सगळं कबूल करते आहे, लोक थक्क होताहेत, हेडसर डोळे पुसताहेत, काय मुलगी आहे म्हणताहेत. म्हणजे कबुलीचंही मी नाटकच बसवत होते. ते लक्षात आल्यावर मला स्वतःची इतकी किळस आली की मी उठलेच. बाकाच्या टोकापर्यंत गेले. तिथून परत येऊन बसले.

बाबा एकदा म्हणाले होते, लिफ्टमध्ये माणूस अडकला की दुरुस्तीइतकंच दुसरं एक काम असतं. दर थोड्या वेळाने दाराच्या फटीतून सांगायचं, मी इथेच आहे. काही नवीन सांगायचं नसतं, पण न सांगता गेलं की आतला माणूस घाबरतो. मला वाटायचं, प्रार्थनेत आपण बाहेर असतो आणि देवाला हाका मारतो. त्या दुपारी मला असं वाटलं की मीच आत आहे. आणि बाहेरून हाक येते आहे का, ते मला ऐकू येत नाही, कारण मी आत सारखी बडबडते आहे.

मग थोडा वेळ मी नाही बडबडले. थोडाच. चार मिनिटं असतील. काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, अंगावर काटा वगैरे काही आला नाही. आतल्या खोलीत पेले एकमेकांना लागत होते. आणि माझ्या मनात एक वाक्य आलं, ज्यात काही लय नव्हती, थांबायच्या जागा नव्हत्या: मी अर्धं सांगितलं आणि खोटं घातलं. एवढंच. ते मी देवाला सांगितलं, म्हणजे ओठ हलवले. यावर कोणी हसणार नव्हतं, टाळीही पडणार नव्हती. ख्रिस्ताने क्रुसावरून तहान लागल्याचं सांगितलं ना, त्यातही कसलंच वाळवंट नव्हतं. माझं सगळं वाळवंट मी वरून आणलेलं होतं. त्याने आपलं जे होतं ते सांगितलं होतं.

तीन वाजले. हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त आता मला माहीत होतं काय करायचं ते.

घरी आले तेव्हा साडेतीन झाले होते. बाबांनी आज दुपारनंतर सुटी घेतली होती आणि ते जेवणाच्या टेबलावर पत्राचा मसुदा घेऊन बसले होते. समोर आई एक कवळी चकाकवत होती. तिच्या छोट्या मशीनचा घुर्र आवाज चालू होता. बाबांनी मला बघताच विचारलं की तुझं मराठी चांगलं आहे, हे वाक्य बघ जरा कसं वाटतं. मी वाचलं. लिहिलं होतं, “आदरणीय पाळक प्रार्थनेच्या वेळी वारंवार जांभया देतात असे निदर्शनास आले आहे.”

माझ्या एका जांभईला पिल्लं झाली होती.

“बाबा, हे खोटं आहे,” मी म्हटलं. “वारंवार नाही. एकदाही नाही.”

मग मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शनिवारचा वर्ग, खुर्चीचं बोलणं, लवंगेच्या आतेबहिणी, हशा पडला की थांबायचा नियम, पायऱ्या, जांभई. मध्ये दोनदा माझं मलाच वाटलं की चांगलं सांगतेय मी, आणि दोन्ही वेळा मी आवाज खाली आणला. आईने मशीन बंद केलं होतं. बाबांनी चष्मा काढून पत्रावर ठेवला.

“सोमवारी मी तुला विचारलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“दोनदा विचारलं होतं.”

“हो.”

बाबा ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि कामावर बोलतात तसं, नटबोल्टची यादी वाचावी तसं बोलायला लागले. पत्र काही जाणार नाही. हेडसरांना ते आत्ता फोन करतील. काहीतरी गैरसमज झाला, लहान मुलं आहेत, ऐकण्यात चूक झाली, असं सांगतील. पाहुणे उपदेशक ठरलेत ते येतील, त्यांना आता नाही म्हणणं बरं दिसत नाही. ईस्टरनंतर पाळकसाहेबांची आपण घरी जाऊन माफी मागू, तिघंही. तुझं नाव कुठे यायला नको. रविवारी तुझं दृढीकरण आहे, हेडसरांना हे कळलं तर ते यादीतून तुझं नाव काढतील, आणि ते काढतीलच, ते तसेच आहेत.

आईने हातातली कवळी खाली ठेवली. “ऐकण्यात चूक कोणाची झाली म्हणायचं?” तिने विचारलं. “आठही मुलांची?”

बाबा म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस. मग म्हणाले, बोल, पण काहीतरी उपाय सांग. आई म्हणाली की उपाय तिच्याकडे नाही, ती फक्त विचारते आहे.

मला बाबांचा राग नाही आला. ते मला फटीतून हात देत होते. आणि खरंच सांगते, तो हात धरायचा मोह मला इतका झाला की पाय पुढे गेला. नवीन पांढरा झगा कपाटात टांगलेला होता. लवंग आणि बटण माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणार होत्या, आमचं जानेवारीपासून ठरलं होतं. फोनवरच्या एका “गैरसमज” या शब्दात सगळं जागच्या जागी राहिलं असतं. फक्त पाळकसाहेब उद्या मागच्या बाकावर बसले असते, आणि पुढे बसलेल्या शंभर माणसांच्या मनात ते जांभई देतच राहिले असते.

“फोन करा, बाबा,” मी म्हणाले. “पण गैरसमज म्हणू नका. माझ्या मुलीने खोटं सांगितलं असं म्हणा. नाहीतर द्या, मीच बोलते.”

“आणि मग?”

“मग उद्या मी तहानेवर बोलणार नाहीये. मला चार मिनिटं दिलीत ना, त्यात पाळकसाहेब काय म्हणाले ते शेवटपर्यंत सांगणार, आणि जांभई माझी होती तेही सांगणार. हेडसरांनी नाव काढलं तर काढू देत, मी पुढच्या वर्षी उभी राहीन. आई, तू पुढे बस, मला तुझं तोंड दिसायला हवं. बाबा, तुम्हाला कुठे बसायचं ते तुम्ही ठरवा, पण या. मी विचारत नाहीये, बाबा. मी सांगतेय.”